सहीचा फोटो म्हणजे सही नव्हे

मागच्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसात एक काका आले. पिशवीतून त्यांनी लॅमिनेट केलेला सातबारा काढला आणि टेबलावर टक्कन वाजवून दाखवला. "ओरिजिनल आहे. कडक करून घेतलाय." नातवानं पंधरा रुपये भरून मोबाइलवर तो काढून दिला होता, काकांनी झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट घेतली आणि वर चाळीस रुपयांचं प्लॅस्टिक चढवलं. मी विचारलं, "आणि फाइल?" काका म्हणाले, "ती उडवली. मोबाइल भरला होता."

म्हणजे काकांनी मूळ उतारा पुसून टाकला आणि त्याची झेरॉक्स जन्मभर टिकेल अशी जपून ठेवली.

मी साताऱ्यात एका करसल्लागाराच्या ऑफिसात काम करते. दिवसभर सह्या, टोकन, ओटीपी आणि "मॅडम, सही दिसत नाहीये" यातच जातो. कागदावरून फाइलीवर येणारी जवळजवळ सगळी माणसं एकाच ठिकाणी अडतात. त्यांच्या मनात मूळ म्हणजे कागद आणि फाइल म्हणजे त्याची नक्कल. इथे ते उलटं आहे. सही फाइलीच्या आत असते. प्रिंट काढली की कागदावर सहीचं चित्र येतं, सही येत नाही. एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढच्या पायऱ्या सोप्या जातात.

आधी सही कशाला म्हणायचं ते ठरवू

एखादा फॉर्म मेलवर येतो. आपण प्रिंट काढतो, निळ्या पेनानं सही करतो, मोबाइलनं फोटो काढतो आणि पाठवून देतो. कितीतरी ठिकाणी हे चालतं, आणि चालतं तोवर कुणी काही बोलत नाही. पण ही डिजिटल सही नव्हे, सही केलेल्या कागदाचा हा फोटो आहे. तोच फोटो कापून दुसऱ्या पानावर चिकटवायला दहावीतल्या मुलाला दोन मिनिटं पुरतात.

स्क्रीनवर बोटानं रेघोट्या मारून केलेली सही याच्या जरा पुढची. अशा करारालाही अर्थ असतो, कारण करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झाला एवढ्याच कारणानं तो रद्द ठरत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं. पण उद्या समोरचा म्हणाला, "ही रेघोटी माझी नाही," तर ती त्याचीच आहे हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल.

कायद्यानं हातच्या सहीच्या बरोबरीला आणून बसवलेल्या सह्या प्रामुख्यानं दोन आहेत. पहिली डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटची, जिला सगळे नुसतं 'डीएससी' म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला तेव्हापासून ती आहे. दुसरी आधारच्या ओटीपीवर किंवा बोटाच्या ठशावर होणारी ई-साइन, तिला २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

दोन्हींची आतली युक्ती एकच आहे, आणि ती मराठी माणसाला परकी वाटायचं कारण नाही. जुन्या मोडी पत्रांच्या शेवटी मोर्तब असायचं: 'मर्यादेयं विराजते'. पत्राची मर्यादा इथे संपली, याच्या खाली कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे, असा त्याचा अर्थ. शिक्कामोर्तब हा शब्द आपण तिथूनच उचलला. डिजिटल सही हे असंच मोर्तब आहे, फक्त ते तळाशी न लागता अख्ख्या मजकुरावर लागतं. संगणक संपूर्ण फाइलीतून एक ठरावीक लांबीचा आकडा काढतो, त्याला हॅश म्हणतात. तो तुमच्या गुप्त किल्लीनं बंद होतो (ही किल्लीही एक लांबलचक आकडाच, पण फक्त तुमच्या सहीचा). नंतर कुणी फाइलीत एक स्वल्पविराम जरी हलवला तरी नव्यानं काढलेला आकडा जुन्याशी जुळत नाही आणि फाइल स्वतःच बोंब मारते.

पानाच्या कोपऱ्यात नाव, तारीख आणि हिरवी खूण असलेला चौकोन दिसतो तो नुसता देखावा. तो चौकोन वर्डमध्ये कुणीही काढू शकतं.

पहिली पायरी: मोबाइल नंबर आणि नाव

कंटाळवाणी पायरी आहे, पण निम्मे लोक इथेच अडकतात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. मुलगा न्यू जर्सीत आहे, आधारला त्याचं जुनं पुण्याचं सिम जोडलेलं आहे आणि ते दोन वर्षांपूर्वी बंद पडलंय, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. अशा वेळी ई-साइन होत नाही. नंबर बदलायचं काम मुलगा सुट्टीला येईल तेव्हाच उरकून घ्या, करार उद्यावर आल्यावर नको.

दुसरं, नाव. आधारवर 'सुनिता', पॅनवर 'सुनीता' आणि सातबाऱ्यावर माहेरचं नाव हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. कागदाच्या जमान्यात क्लार्क हसून सोडून द्यायचा. संगणक हसत नाही.

दुसरी पायरी: डिजिलॉकर

डिजिलॉकर जुलै २०१५ मध्ये सुरू झालं. आधार क्रमांक आणि ओटीपीवर खातं उघडतं, त्यात अवघड काही नाही. पण आत दोन कप्पे आहेत आणि त्यांतला फरक कुणी नीट सांगत नाही. 'इश्यूड' कप्प्यात येणारा दस्तऐवज थेट देणाऱ्या खात्याकडून येतो: लायसन्स, गाडीचं आरसी, पॅन, राज्य मंडळाची दहावी-बारावीची गुणपत्रिका. २०१६ च्या डिजिटल लॉकर नियमांत २०१७ मध्ये ९अ हा नियम आला आणि या कप्प्यातल्या दस्तऐवजांना मूळ कागदाचा दर्जा मिळाला. दुसऱ्या कप्प्यात तुम्ही स्वतः फोटो काढून टाकता. त्याला मूळ कागदाचा दर्जा नाही, ते तुमचं ट्रंकेतलं सामान. लायसन्सचा फोटो इथे टाकून पोलिसांना दाखवला आणि पावती फाडावी लागली, तर चूक डिजिलॉकरची नाही.

तिसरी पायरी: आलेली सही तपासायला शिका

स्वतः सही करायच्या आधी दुसऱ्याची सही तपासता आली पाहिजे. सरावाला सातबाराच घ्या.

महसूल खात्याच्या महाभूमी पोर्टलवर दोन प्रकारचे सातबारे मिळतात. फुकट दिसणारा विनास्वाक्षरीत उतारा फक्त माहितीसाठी असतो. डिजिटल स्वाक्षरीत सातबारा १ मे २०१८ पासून सुरू झाला, त्याला पंधरा रुपये पडतात, आणि सही-शिक्क्याची आवश्यकता नाही असं त्याच्यावरच छापलेलं असतं. हा दुसरा उतरवून घ्या आणि संगणकावर अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा. मोबाइलवर नको, तिथली बहुतेक अ‍ॅप सही तपासतच नाहीत, चौकोनाचं चित्र तेवढं दाखवतात.

बहुधा पिवळं प्रश्नचिन्ह दिसेल आणि 'व्हॅलिडिटी अननोन' असं येईल. घाबरू नका. सही खोटी आहे असा त्याचा अर्थ नाही. तुमच्या संगणकाची सही करणाऱ्याशी अजून ओळख झालेली नाही, एवढंच. चौकोनावर उजवं क्लिक करून 'व्हॅलिडेट सिग्नेचर', मग 'सिग्नेचर प्रॉपर्टीज', तिथून 'शो सायनर्स सर्टिफिकेट'. डाव्या बाजूला एक वंशावळ दिसते: खाली सही करणारा, वर त्याला सर्टिफिकेट देणारी संस्था, आणि सगळ्यात वर मूळ पुरुष. हा मूळ पुरुष 'सीसीए इंडिया' आणि पुढे एखादं वर्ष, असा हवा. सीसीए म्हणजे प्रमाणन संस्थांना परवाना देणारा केंद्र सरकारचा नियंत्रक. त्या नावावर क्लिक करून 'ट्रस्ट' या टॅबमध्ये 'अ‍ॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स' केलं आणि सही पुन्हा तपासली की हिरवी खूण येते. पुढे त्याच वंशावळीतल्या सगळ्या सह्यांना ती आपोआप येत राहते.

मात्र प्रश्नचिन्ह घालवायचं म्हणून दिसेल त्या नावावर विश्वास टाकू नका. सर्टिफिकेट घरच्या घरी कुणालाही बनवता येतं आणि त्यात 'तहसीलदार' असं नावही घालता येतं. अ‍ॅक्रोबॅटला तुम्ही 'हा माझ्या ओळखीचा' म्हणालात की ते बिचारं हिरवी खूण देऊन मोकळं होतं. वंशावळ वरपर्यंत बघायचीच. शंका राहिली तर सातबाऱ्यावर छापलेला पडताळणी क्रमांक पोर्टलवर टाका, उतारा समोर येतो आणि दोन्ही ताडून बघता येतात. लाल फुली आली आणि सही झाल्यावर फाइल बदलली आहे असं दिसलं, तर काही न बोलता नवीन फाइल मागवा.

ई-आधारची फाइल उघडायला पासवर्ड लागतो: इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. हे इथे लिहिते, कारण रोज एक तरी माणूस विचारतो.

चौथी पायरी: आधारवरून ई-साइन

कर्जाचा करार, डीमॅटचा फॉर्म, नोकरीचं पत्र, यांना बहुधा हीच सही लागते. लिंक येते, दस्तऐवज उघडतो, तुम्ही आधार क्रमांक किंवा त्याच्याऐवजी चालणारा सोळा आकडी व्हर्च्युअल आयडी टाकता, संमतीच्या चौकटीत टिक करता, ओटीपी टाकता आणि सही होते. मागे घडतं ते फार देखणं आहे. त्या एका सहीपुरती किल्लीची एक जोडी तयार होते, तुमच्या नावाचं सर्टिफिकेट निघतं, सही होते आणि गुप्त किल्ली नष्ट केली जाते. सर्टिफिकेटचं आयुष्य तीस मिनिटं. सही देणाऱ्या सेवेकडे तुमचा करार जातसुद्धा नाही, जातो तो फक्त त्याचा हॅश.

म्हणून महिन्याभरानं सर्टिफिकेटवर 'एक्स्पायर्ड' दिसलं तर दचकू नका. सही झाली त्या क्षणी ते जिवंत होतं का, एवढंच बघायचं असतं. नोटरीची मुदत संपली म्हणून त्यानं आधी केलेले दस्त रद्द होत नाहीत, तसंच.

ओटीपी म्हणजे इथे सही आहे. "एक नंबर आला असेल, सांगा बरं" असं म्हणत एजंट घाईघाईत विचारतो, तेव्हा तो तुमचा हात धरून सही करून घेत असतो. दस्तऐवज पूर्ण वाचा, निदान रक्कम, मुदत आणि नावं. मग ओटीपी स्वतःच्या बोटानं टाका. सही झाली की फाइल त्याच मिनिटाला उतरवून घ्या, लिंक उद्या असेलच असं नाही.

भाडेकरार: अंगठा परत आला

महाराष्ट्रात सामान्य माणसाचा फाइलीशी पहिला मोठा सामना भाडेकरारात होतो, म्हणून इथे जरा थांबते. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्याकडे अजून ठाण मांडून आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार (आपण ज्याला भाडेकरार म्हणतो, तो बहुधा हाच) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नसेल केली, तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, जोवर उलट सिद्ध होत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटरीकडून शिक्का मारून आणलेला करार म्हणजे नोंदणी नव्हे.

ही नोंदणी घरबसल्या होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर करार भरायचा, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ऑनलाइन भरायची. फी शहरी भागात हजार आणि ग्रामीण भागात पाचशे रुपये, शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. अनामत रक्कम असेल तर तिच्यावर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही भाड्यात मिळवतात. मग मालक, भाडेकरू आणि ओळख पटवणारे दोघे यांच्या बोटांचे ठसे आधारशी जुळवले जातात. यंत्र नसेल तर एजंट घरी घेऊन येतो. दुय्यम निबंधकाची सही झालेली फाइल तुम्हाला मिळते.

डाव्या अंगठ्याची निशाणी सोडून सही शिकवायला आपण दोन पिढ्या घालवल्या आणि आता एमबीए झालेला मुलगाही अंगठाच देतो. त्यातही गंमत अशी की ज्यांचे हात राबले त्यांचाच अंगठा उमटत नाही. आमच्या शेजारच्या आजींच्या बोटांवरच्या रेषा भांडी घासून पार गुळगुळीत झाल्यात. यंत्र चार वेळा नाही म्हणालं. अशा वेळी बोट कोमट पाण्यानं धुऊन नीट पुसायचं, फार कोरडं असेल तर किंचित ओलसर ठेवायचं, काच पुसायची आणि अंगठाच हवा असा हट्ट सोडायचा. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात. आजींचं काम डाव्या करंगळीनं झालं. त्या म्हणाल्या, "हिनं आयुष्यात पहिल्यांदा काही केलं."

पाचवी पायरी: डीएससी, पण गरज असेल तरच

सगळ्यांना हे लागत नाही. कंपनीचे संचालक, जीएसटी भरणाऱ्या कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्था), सरकारी टेंडर भरणारे ठेकेदार, यांना लागतं. एकट्याचं दुकान असेल तर जीएसटीचं काम ओटीपीवर होतं, उगाच टोकन घेऊन ठेवू नका. घ्यायचंच तर क्लास ३ घ्या. क्लास २ हा प्रकार १ जानेवारी २०२१ पासून बंद झाला. टेंडरसाठी सहीच्या जोडीला एन्क्रिप्शनचं, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणारं, सर्टिफिकेटही लागतं, हे विक्रेत्याला आधीच सांगा, नाहीतर शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी पळापळ होते.

परवानाधारक संस्थेकडे अर्ज, पॅन-आधार, मग छोटा व्हिडिओ: कॅमेऱ्यासमोर नाव सांगायचं आणि कागद दाखवायचे. सर्टिफिकेट पेनड्राइव्हसारख्या टोकनात उतरतं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. गुप्त किल्ली त्या टोकनाच्या बाहेर येत नाही, म्हणून त्याची कॉपी निघत नाही. पिन ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं आणि बहुतेक वेळा नवीन सर्टिफिकेट घेण्यावाचून इलाज उरत नाही. एका मार्चअखेरीला मी स्वतः घाईत एका क्लायंटचं टोकन असं लॉक केलंय. कॅप्स लॉक चालू होतं. त्या दिवसानंतर पिन टाकण्याआधी मी तो एकदा नोटपॅडवर टाइप करून बघते आणि लगेच पुसते.

आता माझ्याच धंद्याविरुद्ध बोलते. करसल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये क्लायंटची टोकनं रबरबँड लावून पडलेली असतात, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर पिन. सगळ्यांच्या सोयीचं आहे हे. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४२ सांगतं की गुप्त किल्ली सांभाळायची जबाबदारी धारकाची, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला ताबडतोब कळवायचं. त्या टोकनानं झालेली प्रत्येक सही तुमची धरली जाते. कोऱ्या चेकबुकावर सह्या करून ते कुणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवाल का? टोकन घरी न्या. सही करायची असेल तेव्हा या, चहा आम्ही पाजतो.

जिथे कागदच लागतो

मृत्युपत्र कागदावरच करा, दोन साक्षीदारांच्या समोर. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले दस्त ई-साइनवर होत नाहीत: मृत्युपत्र, ट्रस्टचा दस्त, कुलमुखत्यारपत्र, आणि चेक सोडून इतर हुंडी-वचनचिठ्ठ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये यात बदल झाला. बँका आणि विमा कंपन्यांसारख्या नियामकांखालच्या संस्थांच्या नावे असलेल्या काही वचनचिठ्ठ्या आणि मुखत्यारपत्रं मोकळी झाली, आणि स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार यादीतून निघाला. पण याचा अर्थ फ्लॅटचं खरेदीखत मेलवर सही करून होतं असा लावू नका. नोंदणी कायदा वेगळा आहे, आणि दुय्यम निबंधकापुढची नोंदणी त्यातून सुटलेली नाही. मुद्रांक शुल्कही सुटत नाही, कागद नसला तरी.

फाइल सांभाळायची कशी

सही असलेल्या फाइलीला हात लावायचा नाही. दोन फाइली जोडून देणाऱ्या, आकार कमी करणाऱ्या फुकट वेबसाइटी सही मोडून टाकतात. 'प्रिंट टू पीडीएफ' केलं तर नवीन फाइल दिसते तशीच, पण आतली सही गायब. तीन उतारे एकत्र पाठवायचे असतील तर तीन वेगळ्या फाइली पाठवा किंवा झिप करा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट काढून नाही. नाव असं द्या की पाच वर्षांनी सापडेल: '२०२५-०६ भाडेकरार कोथरूड फ्लॅट सहीसह'. 'स्कॅन००४७ नवीन फायनल २' नको. एक प्रत क्लाउडवर आणि एक घरातल्या हार्डडिस्कवर.

एवढं करूनही एखाद्या खिडकीवर कुणी म्हणेलच, "ओरिजिनल आणा." भांडू नका. फाइल मेल करते, तुमच्या संगणकावर उघडून सही तपासा, असं म्हणा, आणि जोडीला पडताळणी क्रमांक असलेली प्रिंट द्या. समोरच्यालाही बहुधा हे पहिल्यांदाच करायचं असतं. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ६३ लागतं, ते १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. त्याखालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक दाखल करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलीचा हॅश लिहावा लागतो. मूळ फाइल उडवलेल्या माणसाकडे लिहायला हॅशच नसतो, त्याची प्लॅस्टिकमधली प्रिंट कितीही कडक असली तरी.

राहता राहिला एक प्रश्न, जो लोक हळू आवाजात विचारतात. वडील गेले, त्यांचं टोकन घरात आहे, पिन माहीत आहे, एवढं एक इन्कम टॅक्सचं रिटर्न त्यावर भरू का? नाही. माणूस गेला की त्याची सही संपते, ती कागदावरची असो की टोकनातली. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला कळवून ते रद्द करून घ्या आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर वारस म्हणून स्वतःची नोंद करून स्वतःच्या सहीनं रिटर्न भरा. त्यासाठी मृत्यूचा दाखला लागेल.